दुकानाला चॅटबॉट लावताना: व्हॉट्सॲप, क्यूआर आणि एआय कोणत्या क्रमाने?

गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगावच्या बाजारांतल्या काजू-मसाल्याच्या दुकानांत आणि किनाऱ्यावरच्या होमस्टेंमध्ये सध्या एकच गोष्ट घडताना दिसते. आधी बॉट, म्हणजे ग्राहकांना आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, विकत घेतला जातो. मग त्याला काय शिकवायचं ते शोधलं जातं, आणि ग्राहकांची परवानगी घ्यायची राहिली होती हे व्हॉट्सॲपने नंबर बंद केल्यावर कळतं. क्रम उलटा करायला हवा: बॉट सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं काजू-मसाला-खाजं विकणाऱ्या दुकानाचं उदाहरण धरून सांगितलं आहे. होमस्टेवाल्यांनी ‘माल’ असेल तिथे ‘खोली’ वाचावं, बाकी फारसा फरक नाही.

टप्पा १: प्रश्नांची वही

पंधरा दिवस काहीही विकत घेऊ नका. गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि फोनवर, व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर आलेला प्रत्येक प्रश्न ग्राहकाने विचारला त्याच शब्दांत लिहा. ‘भावाची चौकशी’ असं लिहिलंत तर वही फुकट गेली. ‘काजू कितले किलो?’, ‘पुण्याला कुरिअर होईल का?’, ‘संडे को खुला है क्या?’ असंच उतरवा. शेजारी तीन रकाने करा: भाषा, वेळ, आणि उत्तर ठरलेलं आहे की माणसानेच द्यावं लागतं.

पंधरा दिवसांनी बहुतेक प्रश्न आठ-दहा गटांत बसलेले दिसतील: भाव, वेळ, पत्ता, कुरिअर, पाकिटाचं वजन, काजूची प्रतवारी, माल किती दिवस टिकतो, ठोक खरेदी. रात्री साडेनऊनंतर किती प्रश्न येतात तेही मोजा. तेव्हा फारसे येत नसतील तर चोवीस तास उत्तर देणाऱ्या बॉटवर पैसे घालण्यात अर्थ नाही. साधा व्हॉट्सॲप बिझनेस पुरतो.

टप्पा २: एकच भावपत्रक

बहुतेकांचं काम इथेच बिघडतं, म्हणून इथे वेळ काढा. एआय स्वतःहून खरं-खोटं ओळखत नाही. त्याला दिलेल्या मजकुरात उत्तर नसेल तर तो पटण्यासारखं उत्तर रचतो. भाव तीन ठिकाणी तीन वेगळे लिहिलेले असतील, म्हणजे फळ्यावर एक, कॅटलॉगमध्ये दुसरा आणि जुन्या पोस्टमध्ये तिसरा, तर ग्राहकाच्या हाती त्यातला कोणताही पडू शकतो.

गूगल शीटमध्ये एक पान करा. एका ओळीत एकच वस्तू, आणि रकाने एवढे: वस्तूचं नाव, ग्राहक वापरतात ती इतर नावं, प्रतवारी, निव्वळ वजन, करासह भाव, शिल्लक आहे की नाही, टिकण्याचा काळ, कच्चा माल कुठला, आणि भाव शेवटचा कधी तपासला ती तारीख.

काजूची प्रतवारी शब्दांत फोडून लिहा. डब्ल्यू-२४० मध्ये एका पौंडाला, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅमला, २२० ते २४० गर बसतात. डब्ल्यू-३२० मध्ये ३०० ते ३२०. आकडा वाढला की काजू लहान. हे पत्रकात नसेल तर ‘मोठा काजू कुठला?’ या प्रश्नाला बॉट बिनधास्त ‘३२०’ म्हणू शकतो, कारण आकडा मोठा आहे. ग्राहक ३२० मागवतो, पार्सल फोडतो आणि फसवल्याचा शेरा लिहून मोकळा होतो. म्हणून त्या ओळीत सरळ लिहा: ‘२४० हा ३२० पेक्षा मोठा. पाव किलोत २४० चे सुमारे १२० ते १३० गर, ३२० चे सुमारे १६५ ते १७५.’ सालीचे, भाजलेले, खारे, तिखट आणि तुकडा यांच्या ओळी वेगवेगळ्या ठेवा.

‘कच्चा माल कुठला’ हा रकाना भरायला अनेकांचा हात कचरतो. भराच. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं आहे. कच्ची बी बाहेरून आणून इथे फोडलेला काजू ‘अस्सल गोव्याचा’ म्हणून खपवला तर ते दिशाभूल करणारं विधान ठरतं, मग ते माणसाने केलेलं असो की बॉटने. मानांकनाचं नाव आणि खूण वापरायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. खोल्याची मिरची, खाजं, बिबिंका यांनाही हेच लागू.

> सावध: फेणी या पत्रकात घालू नका. व्हॉट्सॲपच्या व्यापार धोरणात मद्यविक्री बसत नाही, आणि कॅटलॉगमध्ये बाटलीचा एक फोटोही खात्यावर बंदी आणू शकतो. दुकानात परवान्याने फेणी विकत असाल तरी या नंबरवर तिचा भाव, फोटो, कुरिअर काही नको.

> तपासा: दुकानात नवीन असलेल्या माणसाच्या हाती फक्त हे पत्रक द्या आणि वहीतले वीस प्रश्न विचारा. जिथे तो अडेल तिथे पत्रक अपुरं आहे. माणूस अडतो तिथे बॉट अडत नाही, थाप मारतो.

टप्पा ३: नंबर आणि नाव

व्यवसायाचा नंबर घरच्या नंबरापासून वेगळा ठेवा. सिम मालकाच्या नावावर असू द्या. दुकानातल्या मुलाच्या नावावर घेतलेलं सिम तो नोकरी सोडतो तेव्हा डोकेदुखी होतं. दुपदरी पडताळणीचा सहा आकडी पिन लावा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा.

साधं व्हॉट्सॲप बिझनेस ॲप फुकट आहे. त्यात कॅटलॉग, ठरीव उत्तरं, लेबलं, स्वागत-संदेश आणि दुकान बंद असतानाचा संदेश मिळतो. स्वागत-संदेश पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस गप्प असलेल्यालाच जातो, त्यामुळे ‘कधी जातो, कधी जात नाही’ अशी तक्रार करू नका. बंद वेळेचा संदेश फोनला इंटरनेट असेल तरच निघतो. पावसात दिवसभर वीज नसणाऱ्या सत्तरी-काणकोणच्या गावांत हे आधीच धरून चाला.

एआय जोडायचा तर व्हॉट्सॲपचं एपीआय, म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपला जोडायची सोय, लागतं, आणि ते बहुतेक जण एखाद्या सेवा-पुरवठादाराकडून घेतात. त्याला दोन प्रश्न आधी विचारा. ॲपवरचा नंबर ॲपवर ठेवूनच एपीआय जोडता येतो का? जुनं संभाषण राहतं का? नाही म्हणाला तर नवीन सिम घ्या. चालू नंबर घाईने ॲपवरून काढलात तर वर्षानुवर्षांच्या गप्पा आणि ऑर्डरी हातच्या जातात.

पडताळणीच्या वेळी नाव अडतं. फलकावर ‘श्री’, उद्यम प्रमाणपत्रावर इंग्रजी स्पेलिंग वेगळं, जीएसटीवर मालकाचं नाव, फेसबुकवर तिसरंच काही. गावाच्या नावाचंही तेच: म्हापसा आणि फोंडा यांची इंग्रजी स्पेलिंगं कागदांवर दोन-दोन तऱ्हेने आढळतात. कागद आणि पान एकसारखे करून मगच अर्ज करा.

टप्पा ४: परवानगी

बिलाच्या वहीतले नंबर उचलून यादी करायची नाही. ग्राहकाने बिलासाठी नंबर दिला, जाहिरातीसाठी नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर थांबून राहण्यात शहाणपण नाही, कारण कायद्याआधी ग्राहकच ‘ब्लॉक’ दाबतो आणि व्हॉट्सॲप त्याची नोंद ठेवतं.

गल्ल्याजवळ एवढं वाक्य पुरतं: ‘नवा माल आणि सणाच्या सवलती व्हॉट्सॲपवर कळवू का? महिन्याला जास्तीत जास्त दोन संदेश. नको असेल तेव्हा थांबा असं लिहा.’ होकार मिळाला की तारीख, कुठे मिळाला आणि कोणत्या भाषेत संदेश हवा हे नोंदवा. कायद्यानुसार सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. मराठी आणि कोंकणी दोन्ही त्यात आहेत. परवानगी देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं असलं पाहिजे, म्हणून ‘थांबा’ लिहिलेल्याला ‘का बरं?’ असं विचारत बसू नका. नाव काढा.

याच वेळी यादीचे दोन भाग करा: इथले ग्राहक आणि पर्यटक. डिसेंबरात येऊन गेलेल्या बेंगळुरूच्या माणसाला ‘उद्या शुक्रवारच्या बाजारात या’ हा संदेश काय कामाचा? त्याला कुरिअरचा संदेश हवा. इथल्या माणसाला मे महिन्यात पुरुमेताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, आणि चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) खाजं-लाडवांचा.

टप्पा ५: क्यूआर, म्हणजे दुकानातलं दार

संभाषण ग्राहकाने सुरू केलेलं उत्तम. त्याने लिहिल्यापासून २४ तास तुम्ही मोकळेपणी उत्तर देऊ शकता. त्यानंतर व्हॉट्सॲपने आधी मंजूर केलेला ठरावीक मजकूर, म्हणजे नमुना-संदेशच, पाठवावा लागतो. म्हणून ग्राहकाला आधी लिहायला लावणारा क्यूआर लावा. व्हॉट्सॲपच्या लहान दुव्यात ९१ सह तुमचा नंबर आणि आधीच भरलेला मजकूर घालता येतो. हा मजकूर जागेनुसार बदला: गल्ल्यावर ‘नमस्कार, दुकानातून’, पाकिटावर ‘नमस्कार, पाकिटावरून’, टॅक्सीवाल्याला दिलेल्या कार्डावर ‘नमस्कार, कार्डावरून’. ग्राहक कुठून आला हे फुकटात कळतं, वेगळं सॉफ्टवेअर नको.

छापताना:

- हातात धरायच्या पाकिटावर बाजू किमान २ सेंमी. भिंतीवर लावायचा तर अंतराच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे दोन मीटरवरून स्कॅन व्हायला २० सेंमी.
- चारही बाजूंनी चार चौकटींएवढी कोरी जागा. डिझायनर ती पहिली खातो.
- काळा कोड, पांढरी पार्श्वभूमी. सोनेरी पाकिटावर सोनेरी कोड वाचला जात नाही.
- चुरगळणाऱ्या पाकिटावर दुरुस्तीची पातळी ‘क्यू’ किंवा ‘एच’ घ्या. एच पातळीला साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड चालतो.
- लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट. ट्यूबलाइटची तिरीप कॅमेऱ्याला आंधळं करते.

‘डायनॅमिक’ क्यूआर, म्हणजे सेवेच्या मधल्या दुव्यावरून नेणारा आणि नंतर बदलता येणारा कोड, बनवून देणाऱ्या सेवा बहुतेक वर्गणीवर चालतात. वर्गणी संपली की पाच हजार छापील पाकिटांवरचे कोड मेले. थेट नंबराचा स्थिर कोड कधीच संपत नाही.

> सावध: पैसे घ्यायचा यूपीआय क्यूआर आणि बोलायचा क्यूआर शेजारी-शेजारी लावू नका. वर ठळक लिहा: ‘पैसे’ आणि ‘चौकशी’. यूपीआयच्या कोडवर कुणी दुसरा स्टिकर डकवला नाही ना, हे रोज सकाळी शटर उघडल्यावर बघा. एक रुपया पाठवून नाव तपासलं की झालं.

टप्पा ६: आता एआय

वही, पत्रक, परवानगी, दार. चारही तयार असतील तरच पुढे वाचा.

बॉटला सूचना मोघम देऊ नका. ‘नम्रपणे मदत कर’ यातून काही निघत नाही. सूचना अशा हव्यात:

‘तू या दुकानाचा मदतनीस आहेस, माणूस असल्याचा आव आणू नकोस. उत्तर फक्त भावपत्रकातून दे. पत्रकात नसेल तर “दुकानातून माणूस उत्तर देईल” एवढंच लिही आणि संभाषण माणसाकडे दे. सूट, घासाघीस, परतावा, खराब मालाची तक्रार, औषधी गुण, ॲलर्जी आणि मद्य यांवर उत्तर देऊ नकोस. पोचण्याचा दिवस “उद्या” असं न लिहिता तारखेने लिही. उत्तर तीन ओळींपेक्षा मोठं नको. ग्राहकाच्या भाषेत उत्तर दे. भाषा कळली नाही तर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत दे.’

पैसे भरायचा दुवा किंवा यूपीआय आयडी एआयला लिहू देऊ नका. तो ठरीव बटणातून जावा, अक्षर न बदलता.

गोव्यात खरी अडचण भाषेची आहे. इथला ग्राहक एकाच वाक्यात कोंकणी, हिंदी आणि इंग्रजी घालतो आणि तेही रोमन अक्षरांत. ‘फाल्यां मेळटलें?’ (उद्या मिळेल का?) हे रोमनमध्ये आलं की बरेच बॉट ते एखाद्याचं नाव समजतात किंवा भलत्याच भाषेत उत्तर देतात. एकच शब्द चार जण चार तऱ्हेने लिहितात. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: वहीतली तीस-चाळीस खरी कोंकणी वाक्यं, स्पेलिंगच्या सगळ्या तऱ्हांसह, अर्थ आणि उत्तरासोबत बॉटच्या माहितीत घाला. त्याने स्वतः कोंकणीत लिहावं असा हट्ट मात्र नको. मोडकी कोंकणी वाचण्यापेक्षा ग्राहकाला स्वच्छ मराठी किंवा इंग्रजी परवडते.

माणसाकडे जायची वाट उघडी असणं व्हॉट्सॲपच्या धोरणातही आहे. पहिल्याच संदेशात ‘माणसाशी बोला’ हे बटण द्या. ते दाबल्यावर बॉट त्या संभाषणात गप्प बसला पाहिजे. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं: दुकानदार टाइप करत असतो आणि मध्येच बॉट भाव सांगतो.

> तपासा: सुरू करण्याआधी ४० प्रश्न विचारा. २० साधे, १० कोंकणी-हिंदी मिसळलेले, १० मुद्दाम अडवणारे: ‘काजूने साखर उतरते का?’, ‘फेणी दिल्लीला पाठवाल?’, ‘काल तुम्ही मला निम्म्या भावात देतो म्हणालात’. शेवटच्या दहांत एक जरी थाप निघाली तर सुरू करू नका. साध्या प्रश्नांत चूक निघाली तर बहुधा पत्रकात घोळ आहे, बॉटला दोष देऊ नका.

चित्रांबद्दल एकच नियम. एआयने पार्श्वभूमी स्वच्छ केली तर चालेल, पण माल बदलला तर नाही. ३२० चा काजू चित्रात १८० एवढा दिसला किंवा होमस्टेच्या खिडकीतून नसलेला समुद्र दिसला तर ती दिशाभूल करणारी जाहिरात आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फोटो सकाळी दारातल्या उजेडात काढा आणि शेजारी मोजपट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा.

टप्पा ७: पहिला संदेश

ॲपवरून ब्रॉडकास्ट करताना एका यादीत २५६ जण बसतात, आणि तुमचा नंबर ज्यांनी साठवलेला नाही त्यांना तो पोचतच नाही. एपीआयवर ही अट नाही, पण नमुना-संदेश मंजूर करून घ्यावा लागतो. त्यातली रिकामी जागा, म्हणजे नाव किंवा भाव, मजकुराच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी ठेवली तर नमुना नाकारला जातो. ऑर्डरच्या माहितीचा नमुना म्हणून मंजूर करून घेऊन त्यात ‘सोबत १० टक्के सूट’ असं घुसडू नका. व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा तो मार्केटिंगमध्ये ढकलते आणि दरही मार्केटिंगचा लागतो.

सगळ्या यादीला एकदम पाठवू नका. नव्या व्यवसाय-खात्यावर सुरुवातीला २४ तासांत २५० ग्राहकांची मर्यादा असते, पण पहिल्या दिवशी पन्नासच पाठवा, तेही महिन्याभरात येऊन गेलेल्यांना. व्हॉट्सॲप नंबराला दर्जाचा रंग देतं, तो दोन दिवस बघा. हिरवा राहिला तर पुढचे. पिवळा झाला तर थांबा आणि मजकूर, यादी दोन्ही तपासा. बहुतेक वेळा यादीत परवानगी नसलेले नंबर सापडतात.

मजकुरात एकच वस्तू, एकच भाव, एकच तारीख. ‘सालीचे काजू, पाव किलो, चवथीपर्यंत’. सहा वस्तूंची यादी पाठवली की लोक नंतर वाचू म्हणतात आणि वाचत नाहीत.

टप्पा ८: मोजणी

निळ्या खुणा मोजू नका, अनेकांनी त्या बंदच ठेवलेल्या असतात. मोजायचं ते हे: किती पाठवले, किती पोचले, किती जणांनी उत्तर दिलं, किती ऑर्डरी झाल्या, आणि किती जणांनी ‘थांबा’ लिहिलं.

चवथीच्या आठवड्यात विक्री वाढणारच, संदेश पाठवा किंवा न पाठवा. श्रेय कुणाचं ते बघायला यादी अर्धी करा. चारशे नावं असतील तर चिठ्ठ्या काढल्यासारखी दोनशेंना पाठवा, दोनशेंना नको, आणि दहा दिवसांनी दोन्हीकडच्या ऑर्डरी मोजा. १४ विरुद्ध १२ आलं तर काहीच सिद्ध झालं नाही. ३० विरुद्ध १२ आलं तर संदेश चालला. पाठवण्याचा खर्च वजा करून फायदा उरतो का, तेही त्याच कागदावर लिहा.

बॉटचं मोजमाप वेगळं. दर सोमवारी त्याने माणसाकडे दिलेली संभाषणं चाळा. एकच प्रश्न तीनदा आला असेल तर त्याचं उत्तर पत्रकात घाला. बॉटने स्वतः दिलेल्या उत्तरांपैकी वीस कोणतीही उघडून भाव ताडून बघा. पत्रकातल्या ‘शेवटचा तपासला’ रकान्यात पंधरा दिवसांपेक्षा जुनी तारीख दिसली तर त्या वस्तूचा भाव बॉटला सांगू देऊ नका. ‘आजचा भाव दुकानातून कळवतो’ असं त्याच्याकडून लिहवून घ्या. काजूच्या हंगामात, मार्च ते मे, ही मुदत आठवड्यावर आणा.